रादिशाचा राजीनामा

अरिल्ये, १० नोव्हेंबर १९८७

चि. विदोये यास अनेक आशीर्वाद.

निश शहराच्या मोठ्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झालास, अभिनंदन. पेपरातला तुझा फोटो बाबांनी कापून फ्रिजवर लावलाय, आमच्या संघाच्या फोटोवरच. बारा वर्षं शाळा सांभाळून मी गावचा संघ शिकवतोय, बाबा एकदाही मैदानाकडे फिरकले नाहीत. फुटबॉलचा विषय काढला की मला म्हणतात, तू आधी कुंपण दुरुस्त कर. तू ग्रीसमध्ये खेळायचास तेव्हा मात्र रेडिओला कान लावून बसायचे.

मुलाखतीत विचारलं, तुम्हाला घडवलं कुणी. तू ग्रीक गुरूचं नाव घेतलंस! रासबेरीच्या मळ्यामागे डाव्या पायाने मारायला त्या ग्रीकाने शिकवलं का रे तुला? होय, जळतो मी. लपवत नाही.

आता आमच्या संघाचे अध्यक्ष तुला भेटून आल्याचं कळलं. माझ्या जागी तुझा कुणी माणूस बसवायचा असेल तर खुशाल बसव. सोमवारी कफानात सारं गाव पीत बसलेलं असताना, राकियाचा पेला आपटून, मीच राजीनामा दिला. पुन्हा त्या मैदानात पाय ठेवणार नाही, अशी शपथही घेतली.

लोभ ठेवायचा की नाही ते तू बघ.
रादिशा

निश, १७ नोव्हेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

अरे देवा, काय करून बसलास! तुमचे अध्यक्ष आमचे जुने चेंडू मागायला आले होते. चेंडू घेतले, कॉफी प्याले आणि गेले. तुझं पत्र आल्यावर मी त्यांना फोन केला, दादाला परत बोलवा म्हणालो. ते म्हणाले, साऱ्या गावासमोर शपथ घेतलीय, आता तुमच्या दादाला कोण वळवणार?

मुलाखतीचं म्हणशील तर मला लाज वाटली. शाळामास्तर असलेल्या दादाने घडवलं म्हटलं असतं तर इथे हसले असते. चुकलो. इकडे मीही मजेत नाही. दोन सामने हरलो, असंच चाललं तर मलाही नारळ मिळेल.

वहिनींना नमस्कार. राग ओसरला की दोन ओळी टाक.
विदोये

अरिल्ये, २३ नोव्हेंबर

चि. विदोये, आशीर्वाद.

शपथ मोडून थुंकलेलं चाटणं मला जमणार नाही. काल रविवार असून घरीच बसलो. बाबांनी रेडिओ लावला, तुम्ही तीन गोल खाल्लेत. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या गोलापर्यंत मला बरं वाटत होतं.

तिसऱ्याला बाबांनी रेडिओ बंद केला. माझ्याकडे वळून म्हणाले, "रादिशा, तिन्ही गोल डावीकडूनच कसे रे झाले? तुला काय वाटतं?"

मी मिठाच्या, मिरीच्या डब्या मांडून तासभर समजावलं. तुझा डावा बचावपटू पुढे धावतो आणि मागे कुणी उरत नाही. बाबा खुर्ची जवळ ओढून बघत होते. शेवटी म्हणाले, हे त्याला जाऊन सांग, त्याला कळत नाहीये.

गुरुवारच्या बसने येतोय. तुझ्यासाठी नाही, बाबांनी पाठवलं म्हणून. चाळीस वर्षांत त्यांनी फुटबॉलमधलं मला पहिल्यांदा काही विचारलं, आणि तेही तुला सोडून. हे मुद्दाम कळवतोय. आता थोडं तूही जळ.

तुझा,
दादा