तिसरा अंगठा

९ सप्टेंबर, मंगळवार

झालं एकदाचं! पाचवीचा वर्ग, एकोणीस लेकरं, एकोणीस अंगठे निळे. धनुर्वात-घटसर्पाची लस. पुजा सिस्टर टोचत होत्या, टोचलं की डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करची रेघ. त्यांचा मार्कर पहिल्याच पोराला वाळलेला निघाला. शेवटी माझ्या पर्समधला दिला. दोन मार्करचं पाकीट परवाच घेतलं होतं, नशीब.

नावांपुढे खुणा करायला वेळच मिळाला नाही. वरून फोनवर फोन — फोटो टाका, फोटो टाका! मग सगळ्यांना ओट्यावर उभं केलं, 'अंगठे वर!' म्हटलं, फोटो काढला आणि अंगठे मोजूनच यादी भरली. न टोचलेले : निरंक. ग्रुपवर पहिला नंबर आमच्या शाळेचा.

आमची पुनम रडलीसुद्धा नाही! मास्तरणीची पोरगी शोभते. तिच्या बाकावरची आकांक्षा सुईला केवढी भ्यायची, तीही फोटोत हसतेय.

१० सप्टेंबर, बुधवार

निम्मा वर्ग दंड धरून बसलेला. दोघांना ताप. पुनम मात्र मधल्या सुट्टीत लंगडी खेळत होती, काटक आहे.

संध्याकाळी सिस्टरचा फोन. 'मॅडम, वापरलेल्या सुया सोळाच निघाल्या. तुमचे एकोणीस कसे?'

हेडमास्तर शिवशंकर सरांना विचारलं तर म्हणाले, 'अहवाल गेला मॅडम. आता काहून उकरून राहिल्या? सिस्टरच मोजायला चुकल्या असतील.'

तेही शक्य आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात कोणालाच विचारलं नाही. उद्या विचारते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नाही विचारलं. मध्ये परीक्षा, पाऊस, पोषण आहाराची तपासणी — कारणं काय, हवी तेवढी.

आकांक्षा कालपासून नाही म्हणून घरी गेले. बाप पुंजाजी वसमतकडे हळदीच्या कामावर गेलेला, घरी आजी भागूबाई. पोरीची मान दोन्हीकडून सुजलेली, वर गेरूचा लेप. 'गालफुगी हाय मॅडम. लेप लावला की उतरंल.' मलाही तसंच वाटलं. तरी जीपनं गोरेगावला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घशात बॅटरी मारली, कपाळाला आठ्या. 'लस झालीय का हिची?'

मी मोबाईल काढून फोटो दाखवला. पहिल्या रांगेत, अंगठा वर. ते म्हणाले, मग ते नसावं. तापाच्या गोळ्या दिल्या, उद्या परत दाखवा म्हणाले.

पोरगी माझ्याकडे बघत होती. काहीतरी सांगायचं होतं तिला. आवाजच फुटत नव्हता.

२४ सप्टेंबर, बुधवार

घटसर्प. नांदेडला हलवलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आकांक्षा गेली. पहाटे.

गावात आणली तेव्हा मी तिथेच होते. पुंजाजी माझ्यासमोर आले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, 'मॅडम, फोनवर पोरगी मला म्हनली व्हती, अंगठा निळा झाला म्हून. मंग असं कसं झालं?'

अंगठे मोजून यादी भरली, हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. फोटो दाखवून अख्खा दिवस मी खाल्ला त्या लेकराचा!

२७ सप्टेंबर, शनिवार

आरोग्य खात्याची माणसं आली. बाकीच्या वर्गांची तपासणी, टोचणी. पाचवीची यादी बघून म्हणाले, हे तर पूर्ण झालेले. सर माझ्याकडे बघत राहिले. सगळ्यांना परत टोचा म्हणायचं तर माझी यादी खोटी हे सांगावं लागणार — माझ्या सहीची.

त्यांना तसंच जाऊ दिलं. ते गेल्यावर दार लावून पोरांना विचारलं, 'मी मारणार नाही. कोणी टोचून घेतलं नाही?' बंटी रडायलाच लागला. 'आमी दोघं व्हतो भिंतीमागं. आकांक्षा आन् मी.'

अजून कोण? रेघ कोणी मारून दिली? 'शपथ घातलीय मॅडम. न्हाई सांगत.' सिस्टरना फोन करून त्याला तेवढं टोचवून घेतलं.

दोन सापडले. तिसरा कोण?

२८ सप्टेंबर, रविवार

आकांक्षाच्या बाकावरची म्हणून आरोग्य खात्यानं पुनमला लागण होऊ नये यासाठी गोळ्या दिल्यात. पोटात मळमळतं म्हणून रडते. सोडून दिल्या. तिला टोचलेलं आहे, उगाच कशाला छळायचं.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज घरोघर फिरले. एकेकाच्या आईला विचारलं — त्या दिवशी पोराचा दंड दुखला का, ताप आला का? सतरा घरं. पुंजाजीकडे जायची हिंमत झाली नाही. सतराही आया म्हणाल्या, दुखला, सुजला, रात्रभर कण्हत होतं. बंटीची आईसुद्धा! पोरगं केवढं नाटक करून राहिलं होतं.

म्हणजे तिसरा खोटं बोलतोय, नाहीतर सिस्टरच चुकल्या. कंटाळले. अठरावं घर माझंच, तिथं काय विचारायचं!

१ ऑक्टोबर, बुधवार

पुनमनं सकाळी दूध सरकवलं. 'आई, गिळता येईना.'

मानेला हात लावला. दोन्हीकडून सुजलेली.

पाकिटातला दुसरा मार्कर तिच्या कंपासपेटीत होता. 'आकांक्षा भीत होती गं. म्हणून आधी माझा अंगठा रंगवून दाखवला.'

जीप दारात आलीय. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. नाही म्हणायचं. टोचलेलं नाही, म्हणायचं.