जिथून आत, तिथूनच बाहेर

क्लाउसथाल, जर्मनी
दि. ४ नोव्हेंबर २००१

ती. बाबा आणि ती. आई यांना
रुचिताचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे मी बरी आहे, सर्दी गेली. पत्र वाचून दाखवणाऱ्या खुशालकाकांनाही नमस्कार. काका, मागचं पत्र तुम्ही नळावर वाचलंत असं कळलं. माझी सर्दी सगळ्या कॉलनीला माहीत झाली आणि गिरजाबाईंनी आईकडे ओव्याची पुरचुंडी आणून दिली. ती मला जर्मनीत कशी पोचणार? म्हणून ज्या परिच्छेदाआधी मी फुली करीन, तो कृपा करून घरात आणि हळू वाचावा.

बातमी अशी की पुढच्या महिन्यात आमचे प्रोफेसर ब्रांट आम्हाला एक दिवस गोस्लारला नेणार आहेत. बसने जवळच आहे. हजार वर्षांचं जुनं शहर, राजाचा महाल, मोठा बाजारचौक. शहराच्या पाठीशी डोंगर आणि डोंगराच्या पोटात खदान. ती शतकानुशतकं चालली आणि मी शाळेत असताना बंद पडली. आता तिकीट काढून लोक आत बघायला जातात. लहान मुलं जातात, म्हाताऱ्या जातात. बायकाही जातात.

× बाबा, मी दगडांवर एम.एस्सी. केलं. दगड ओळखते, खदान ओळखत नाही. आपल्याकडे बाईला खाली उतरायला कायद्यानंच मनाई आहे, त्यामुळे तुमची खदान मला फाटकाबाहेरूनच माहीत. तुम्ही शिफ्टवरून आलात की अंगणात खाटेवर बसून कितीतरी वेळ नुसते आभाळाकडे बघता, आणि आई विचारते की आभाळ काय आज नवीन आणलं? तुम्ही दिवसभर कशात असता, ते मला एकदा बघायचं आहे. जाऊ का? तुमचं उत्तर आल्याशिवाय मी तिकिटाला हात लावणार नाही.

लोभ आहेच, सर्दी गेली म्हणून तो कमी करू नये.

आपली
रुचिता

ता. क. इथे सिग्नल लाल असला की रस्ता रिकामा असला तरी माणसं थांबतात. मी हिरवा झाल्यावरही थोडी थांबते.


चिखला
ता. १६ नोव्हेंबर २००१

चि. रुचितास
खुशालकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक आहे. फुलीचा परिच्छेद मी घरातच वाचला आणि हळू वाचला. पण तुझ्या आईचे उत्तर हळू नव्हते, त्यामुळे नळावर जे कळायचे ते कळलेच. यात माझा दोष नाही. ती सांगते तसेच उतरवतो:

बाई, तू शहर पाय, राजाचा वाडा पाय, पण खदानीत काहून जाऊन राहिली? बाई उतरली का खदान चिडते, असं माह्या सासूनं मले सांगतलं होतं. तू म्हणशील, थे खदान तिकडची, चिडली तं तिकडंच चिडन. कायची तिकडची? वरून देश येगळे हायेत, खालून जमीन एकच हाय. तुह्ये बाबा अजून रोज आत जातेत. ३१ जानेवारीले रिटायर होतेत. तवरी तू वरच राह्य. मंग सात वेळा उतर, मी काही म्हणणार नाही.

इथे तुझे बाबा मध्येच बोलले की आपण बौद्ध माणसं, बावीस प्रतिज्ञा घेतलेली, आपण असलं काही मानत नाही. आईचे म्हणणे पडले की मी तरी कुठं मानते, मी फक्त सांगून राहिली. मग तुझा बाबा परसराम मला म्हणाला की लिही, परवानगी आहे. आईने त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाला की लिही, पण घाई कायले? यातून परवानगी काढायची की मनाई, हे तू ठरव. तुझे शिक्षण झाले आहे, माझी सातवी आहे.

माझे विचारशील तर मी मानतो. मी खदानीत माणसे नेणारा पिंजरा वर-खाली करणारा माणूस. खाली सोडण्याआधी रोज हात जोडतो, वर आला की पुन्हा जोडतो. तुझ्या बाबाला इतकी वर्षे असेच वर काढले आहे.

आता बाबाचा निरोप. चहाच्या टपरीवर त्याने सर्वांना सांगून ठेवले आहे की पोरगी राजाचा महाल बघणार आणि सगळे लिहून कळवणार. तेव्हा काही गाळू नको, आणि फुल्या कमी कर, ऐकणारे नाराज होतात.

तुझ्यावर आहे तो जीव कागदावर मावत नाही, असे आईचे म्हणणे.

तुझा
खुशालकाका


क्लाउसथाल
दि. ३ डिसेंबर २००१

ती. बाबा व ती. आई यांना
रुचिताचा सविनय जयभीम. वि. वि.

काल गोस्लारचा दिवस झाला. बाबांनी काही गाळू नको म्हटलं, म्हणून जसं घडलं तसं लिहिते. त्यात माझी फजिती आहे, तीही गाळत नाही.

सकाळी शहर पाहिलं. घरं लाकडी तुळयांची, शंभर म्हाताऱ्या एकमेकींना टेकून उभ्या असाव्यात तशी वाकलेली. कितीतरी घरांच्या भिंतींना बाहेरून काळ्या दगडाचे पातळ तुकडे माशाच्या खवल्यांसारखे बसवले आहेत. जवळ जाऊन बघते तर पाटीचा दगड! आमच्या शाळेत एक पाटी फुटली की घरी मार बसायचा, आणि इथे आख्खी भिंत पाट्यांची. मी हळूच बोटानं त्यावर माझं नाव लिहिलं. उमटलं नाही, तरी कोणी पाहिलं नाही ना म्हणून दोनदा मागे वळून बघितलं.

राजाचा महाल फार मोठा आहे. वरच्या दालनात भिंतभर घोड्यांवर बसलेले राजे रंगवले आहेत. सर म्हणाले की राजे इथे येत ते या डोंगरातल्या चांदीसाठी. म्हणजे बाबा, महाल राजाचा असला तरी तो उभा राहिला खदानीतल्या माणसांच्या जोरावर. हे टपरीवर अवश्य सांगा.

चौकात नाताळचा बाजार होता, लवंग-दालचिनीचा वास सुटला होता. तिथे एका इमारतीवर घड्याळ आहे. दुपारी बारा वाजता घंटा किणकिणू लागल्या, बाजूची दारं उघडली आणि आतून खाणकामगारांच्या बाहुल्या ओळीनं बाहेर आल्या. सगळा बाजार हातातलं खाणं थांबवून वर बघत होता. चिखल्यात खरी माणसं वर येतात तेव्हा फाटकावर आई आणि चार बायका बघतात, एवढंच.

× त्याच चौकात एका जुन्या इमारतीच्या कोपऱ्यावर एक छोटा उघडा माणूस कोरलेला आहे. तो परसाकडे बसला आहे, आणि त्याला सोन्याची मोहर होते आहे. सगळ्यांनी फोटो काढले. मी काढला नाही. गाळू नको म्हटलंत म्हणून लिहिलं.

दुपारी खदानीवर गेलो. मी सरांना आधीच सांगितलं की माझे बाबा रिटायर होईपर्यंत मला उतरता येत नाही. त्यांनी विचारलं की बाबा याच खदानीत आहेत का. मी म्हटलं, नाही, भंडारा जिल्ह्यात. त्यावर सरांनी त्यांची छत्री माझ्याकडे सांभाळायला दिली. ते पाहून सगळ्यांनीच आपापल्या पिशव्या माझ्याकडे दिल्या. मी दाराशी बाकावर बसले.

तासाभरात येऊ म्हणाले होते. तास होऊन गेला, कोणी आलं नाही. दुसरी टोळी आत गेली, तीही आली नाही. मग तिसरी गेली. आई, माणसं आत जात होती आणि बाहेर एकही येत नव्हतं! मी आत गेले नव्हते, तरी दाराशी बाईच बसली होती ना? मी मानत नाही, पण तेवढ्यात मनात येऊन गेलं.

दारावर हेर क्रूगर म्हणून म्हातारे गृहस्थ होते (इथे हेर म्हणजे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे). ते पूर्वी याच खदानीत कामाला होते. मी त्यांना माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की माझी शिफ्ट वर आली नाही. ते शब्द ऐकून त्यांनी काही न विचारता फोन उचलला. मग कळलं की बघायला आलेल्यांना पलीकडच्या दारानं सोडतात. आमची मंडळी केव्हाच बाहेर पडून उपाहारगृहात बटाट्याचं सूप पिऊन बसली होती आणि पैशाची पाकिटं माझ्याजवळच्या पिशव्यांत असल्यामुळे तिथून हलू शकत नव्हती. सर धावत आले. मी छत्री परत केली. मला रडू आलं, ते त्यांनी पाऊस नसतानाही छत्री उघडून सर्वांपासून झाकलं.

आपल्याकडे जिथून आत, तिथूनच बाहेर. दुसरं दार असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

क्रूगर मात्र हसले नाहीत. म्हणाले की त्यांची आई अशीच दाराशी यायची. इथेही पूर्वी बाईला आत येऊ देत नसत, पण खाणकामगार आपली राखणदार मानतात ती संत बार्बरा, म्हणजे बाईच. फेब्रुवारीत ये, मी स्वतः नेतो, असं त्यांनी सांगितलं आहे.

तुमच्या मायेला दोन दारं नसावीत, एवढीच विनंती.

आपली
रुचिता


चिखला
ता. १७ डिसेंबर २००१

चि. रुचितास
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पाच वेळा वाचून झाले. फुलीचा परिच्छेद मी घरातच वाचला. पण खिडकी उघडी होती. आता नळावर त्या छोट्या माणसाच्या फोटोची मागणी आहे. सुलोचनाबाई म्हणाल्या की असला एक माणूस आमच्या घरी असता तर आम्ही त्याला परसात नाही, देवघरात बसवला असता.

तुझा बाबा ऐकताना इतका हसला की खाट कुरकुरली. मग महालाचे ऐकून त्याने तेवढे वाक्य पुन्हा वाचायला लावले. आता आई:

पोरी, दोन दारं असती तं मीबी येडी झाली असती. एका दाराशी उभी राहू का दुसऱ्या? तू रडली म्हणून वाईट नको मानू. मी तं लग्न झाल्या साली रोज रडे, तुह्या बाबाले वाटे का मले गावची आठवण येऊन राहिली. आता ऐक. बाबा सुटले का तू उतर. पण दिवस आन टाइम कळव. तू तिकडं आत गेली का मी इकडं फाटकावर उभी राहीन. आत कोणी गेलं का वर कोणी उभं पायजे. हे मानण्या-न मानण्याचं नाही, हे कामच हाय.

यावर तुझ्या बाबाने नाही म्हटले नाही, याची नोंद घ्यावी.

आमचा आशीर्वाद टपाल हरवले तरी पोचतो.

तुझा
खुशालकाका


क्लाउसथाल
दि. ६ जानेवारी २००२

ती. बाबा व ती. आई यांना
सविनय जयभीम. वि. वि.

दिवस ठरला. रविवार, १० फेब्रुवारी. इथे सकाळचे साडेदहा, म्हणजे चिखल्यात दुपारचे तीन. हेर क्रूगर बरोबर असतील. मी त्यांना विनंती केली आहे की मला जिथून आत नेतील तिथूनच बाहेर आणावं. नियमात बसत नाही, पण विचारून बघतो म्हणाले.

× आई, तुझे गुडघे दुखतात, उभी राहू नकोस. बाबा, तुम्ही तिला सांगा. मी काही मानत नाही. पण ती उभी राहिली तर मला बरं वाटेल.

राग आला तर तो पत्रातून कळवावा, माया न कळवता असू द्यावी.

आपली
रुचिता


चिखला
ता. १० फेब्रुवारी २००२, रविवार, संध्याकाळ

चि. रुचितास
अनेक आशीर्वाद.

तुझा बाबा ३१ तारखेला रीतसर सुटला. शाल दिली, नारळ दिला, त्याला दोन शब्द बोलायला लावले. तो उभा राहून म्हणाला की मी दोनच बोलतो: वर आलो. आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुझ्या आईने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाली.

आता आजचे. तीनच्या आधीच तुझी आई फाटकावर गेली. मागून परसराम निघाला. मी विचारले, तू कुठे? तर म्हणाला की आपण काही मानत नाही, बाईमाणूस एकटी जाऊन राहिली म्हणून सोबत. पहिल्याने तो गंमती करत होता. मग बोलणे कमी झाले. मग आईला विचारू लागला की इथे उभे राहून बघायचे कुठे? पिंजऱ्याच्या चाकाकडे की दोराकडे? आईने सांगितले की चाकाकडे पाहिले की चक्कर येते, जमिनीकडे पाहावे. तो जमिनीकडे पाहत राहिला. मध्ये शिफ्ट वर आली, सगळी माणसे त्याला हात करून गेली, पण त्याला पाहिजे ते माणूस त्यात कसे असणार?

शेवटी म्हणाला की विमल, आत जाणं सोपं होतं. हे तू रोज कशी करत होतीस? थोड्या वेळाने आई म्हणाली की पोरगी आता वर आली असंल, माह्या मनानं सांगतलं, मी भात टाकतो. आणि ती घरी गेली.

परसरामचे मन अजून काही सांगत नाही. तो तिथेच आहे. ऑफिसातला फोन रविवारचा कुलपात आहे. मी त्याला जन्मभर खदानीतून वर काढले, पण फाटकावरून घरी आणणे मला जमेना. हे पत्र त्याच्या शेजारी दगडावर बसून लिहितो आहे.

तू वर आलीस ना बाई? लवकर कळव. भात निवून राहिला.

तुझा
खुशालकाका


(चित्रपत्र: गोस्लारचे घड्याळ)

गोस्लार
दि. १० फेब्रुवारी २००२

ती. बाबा, ती. आई, जयभीम.

वर आले.

क्रूगरनी नियम मोडला. जिथून आत गेले तिथूनच बाहेर आले. खाली त्यांनी एकदा दिवा विझवला. बाबा, मी डोळे उघडे ठेवले होते तरी बंदच होते. दिवा लागेपर्यंत मी मनात आईला फाटकावर उभं केलं आणि तिच्याकडे बघत राहिले.

आता बाहेर बाकावर बसले आहे. बस सुटते आहे, क्रूगर हाका मारत आहेत, पण मी नुसती आभाळाकडे बघते आहे. आई, आज खरंच नवीन आणलं आहे.

फाटकावर जे कोणी उभं असेल त्याला घरी न्या, जेवायला वाढा.

काका, हे मोठ्यानं वाचा.

रुचिता