पुढचं टायर

बाबा, आज तुमच्या गाडीची दोन्ही टायरं बदलली. हो, ती गाडी अजून आहे आणि मीच चालवते. बाई मोटारसायकलवर येते याची शाळेतल्या सरांना सुरुवातीला मोठी गंमत वाटायची, मग त्यांना सवय झाली. टायर घ्यायला यवतमाळला गेले होते, कारण आर्णीत आपल्या टायरच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. यवतमाळचा दुकानदार बरा होता. मॅडम, गाडी कशी चालवता, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, डांबरी रस्ता जास्त, कच्चा थोडा, मागे कुणी नसतं. मग त्यानं विचारलं, ब्रेक पायाचा मारता की हाताचा? वीस वर्षं झाली, मी हाताचा, पुढचा ब्रेक धरलेला नाही, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. तो मान हलवून आत टायर आणायला गेला आणि मी त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रडले.

हाच प्रश्न तुम्ही प्रत्येकाला विचारायचे. गिऱ्हाइकाला आधी बसवायचं, चहा सांगायचा, आणि चहा येईपर्यंत त्याचं जुनं टायर हातानं चाचपायचं, ही तुमची रीत. मधून चपटं झालेलं असलं तर हा मागे वजन लादणारा. कडा खाल्लेल्या असल्या तर हवा न भरणारा आळशी. पुढचं जागोजागी खरवडलेलं असलं तर घाईचा, ऐनवेळी ब्रेक दाबणारा. पायाच्या ब्रेकवर झिजलाय का म्हणून उजव्या बुटाचा तळसुद्धा तुम्ही हळूच पाहून घ्यायचे. "लोक टायर घेतांनी खोटं बोलतात," म्हणायचे. "चालवतात एक अन् सांगतात एक. खरं सांगतलं त बराबर टायर भेटते." वावरातून येणाऱ्याला मागे जाड बटनांचं, बसस्टँड ते कचेरी एवढंच फिरणाऱ्याला साधं, आणि पुढे मात्र कुणालाही लांब रेघांचंच. विडी कधी ओढली नाही, पण खिशात काडीपेटी असायची. काडी टायरच्या खाचेत उभी धरायची. काडीच्या टोकाचं गूल खाचेत बुडालं तर टायर जिवंत, गूल वर राहिलं तर मेलं.

त्या वर्षांत मेलेलीच जास्त यायची. कापसानं सगळ्यांनाच झोपवलं होतं, पेपरात रोज आत्महत्यांच्या बातमीत आपल्या जिल्ह्याचं नाव, बाहेरून गाड्या भरभरून माणसं यायची आणि आमचे चेहरे बघून जायची. त्यांची पंक्चर तुम्ही काढून दिलीत, पण त्यांच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाहीत. तेव्हा दोन टायरं एकदम कोण घेणार? मागचं घासलं की मागे नवं टाकायचं आणि ते घासलेलं पुढे सरकवायचं, असा सगळ्यांनी रिवाजच पाडला होता. मागचं-पुढचं माप एकच, त्यामुळे बसायचंही झकास. बाकीचे दुकानदार करून देत. तुम्ही हात जोडायचे. मागचं घसरलं तर माणूस गाडी सावरतो, पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, असं समजावत बसायचे, आणि गिऱ्हाईक गाडी ढकलत शेजारी जायचं. आई म्हणायची, या मानसाले दुकान कराचं नाही, शाळा कराची हाये.

त्या दिवशी तुम्ही माल आणायला यवतमाळला गेला होता. कॉलेजला सुट्टी म्हणून मी दुकानात. दुपारी मामा आला. गाडीवर कपड्यांचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार करायचा तो. कापूस गेल्यापासून लोक लुगडं हातात घेऊन परत ठेवत, म्हणून आर्णी सोडून पार दारव्ह्यापर्यंत हिंडायला लागला होता. मागचं टायर मधून सपाट, पुढचं त्याहून वाईट. नवं मागे टाक, मागचं पुढे सरकव, म्हणाला. मी म्हणाले, बाबा असं करत नाहीत. तो हसला. "तुया बाप नाही करत. तुले येते का नाही ते सांग." बाबा, मला येत होतं. तुम्ही बाजूला उभे असताना मी लोखंडी पट्ट्यांनी टायर उतरवलं होतं, पण एकटीनं कधीच नाही. अर्ध्या तासात दोन्ही चाकं बसवली. मामानं गाडीला किक मारली आणि म्हणाला, माही भाची बापापेक्षा हुशार हाये. संध्याकाळपर्यंत मी त्याच तोऱ्यात होते.

चौथ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. पुलाच्या उताराला समोर बकरी आली, मामानं हाताचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक खालून निघून गेलं. नागपूरला नेलं, गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागला. गाडी आपल्याच दुकानात आणून ठेवली होती. तुम्ही शटर अर्धं ओढलंत, मला काडीपेटी दिलीत आणि समोर उकिडवे बसलात. मी काडी पुढच्या टायरला लावली.

"काय दिसते?"

"गूल वरच हाये."

"टाकतांनी पाह्यलं होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही काडी माझ्या हातातून घेतली, परत पेटीत ठेवली.

"तुया आईले म्या सांगतलं, टायर म्या टाकलं. मामालेही तसंच बोलाचं सांगून आलो. आता हे इथंच ठेव."

"पण काहून, बाबा?"

"बायकोचा राग मले सोसते. आईचा राग तुले नाही सोसनार."

आणि तुम्ही सोसलात. आई जेवायला वाढायची, कपडे धुवायची, तुमच्याशी कामापुरतं बोलायची. मामाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा पत्रिका आईच्या एकटीच्या नावानं आली. तुम्ही तिला बसस्टँडवर सोडलंत, खिडकीतून पिशवी आत दिलीत, आणि घरी न जाता दुकानात येऊन जुन्या ट्यूबी कापत बसलात. मी तिथेच उभी होते, कात्रीचा आवाज ऐकत होते. नोकरी लागल्यावर आईला सांगू, असं तेव्हा ठरवलं होतं. नोकरी लागली. मग तुमचं दुखणं निघालं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात आईनं तुम्हाला चमच्यानं पेज पाजली, तोंड पुसलं, आणि तुम्ही गेल्यावर व्हरांड्यात येऊन मला म्हणाली, मानूस वाईट नव्हता, पण माह्या भावाचा पाय त्यानंच घेतला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच केलं मी.

मामा मागच्या उन्हाळ्यात गेला. इतकी वर्षं त्यानंही तोंड उघडलं नाही. भेटलो की कुबडी भिंतीला टेकवून विचारायचा, पोरी, गाडी सांभाळून चालवतं ना? त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आई पुन्हा तेच बोलली, सगळ्यांसमोर, तुमचं नाव घेऊन. आणि बाबा, खरं सांगायचं तर मामा गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं, रडू मागाहून आलं. आता हे माहीत असणारी मी एकटीच उरले.

आज यवतमाळहून परतताना मनाशी पक्कं केलं होतं की घरी गेल्यावर सांगायचं. आई पंच्याहत्तरीला आली, किती दिवस राहिले? गाडी अंगणात लावली. ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून नव्या टायरांकडे बराच वेळ बघत राहिली.

"पाहून टाकलं ना? का तुया बापासारखं केलं?"

मी म्हणाले, पाहून टाकलं.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही असता तर एवढं सगळं वाचून फक्त विचारलं असतं, आईले सांगतलं का? आत्ताच ती दारात आली होती, काय लिहून राह्यली म्हणाली. मी वही मिटली आणि शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं.