तीस तास आणि दोन अंगठे

३ ऑक्टोबर २००५, सोमवार
नव्या मेट्रन डेल्फिन मॅडमनी नोटीस लावली. डिसेंबरअखेर प्रत्येक सिस्टरने तीस तासांचं ट्रेनिंग पुरं करायचं, त्यावर सर्जिकल वॉर्डची इन-चार्ज ठरणार. एकोणीस वर्षं सलाईन लावतेय. इन-चार्ज मीच, तास ही फॉर्मॅलिटी. एक पुस्तिकाही दिली. हात धुण्यावर चक्क बारा पानं! हसूच आलं. उद्यापासून रोज एक तास वाचन.

४ ऑक्टोबर
वाचन नाही. आमच्या मनवेलपाड्यात नळाला पाणीच आलं नाही, मूड गेला.

१२ ऑक्टोबर
जखमेच्या काळजीवर दोन तासांचं लेक्चर. सही केली आणि निघाले. अर्नाळ्याची मावशी गेटवर बोंबील घेऊन बसते, अकरानंतर मिळत नाहीत. रीमा पहिल्या बाकावर बसून लिहीत होती. तिला सुई धरायला मीच शिकवलं. लिहो बापडी.
परत आले तर माझी सही लाल पेनाने खोडलेली. मॅडमचा स्वभाव संशयी आहे.

२० ऑक्टोबर, दुपारी २.४०
काशीराम आजोबांची सलाईनची जागा सुजली, पू झाला. महिन्यातला तिसरा पेशंट. मॅडमनी विचारलं, लावली कोणी? मी. आधीच्या दोन? त्याही मीच. पण वॉर्डातल्या निम्म्या सलाईन मीच लावते, त्याला काय करणार? कारण उघड आहे, नातेवाईक. आचोळ्याहून डबे घेऊन येतात, कॉटवर बसतात, नको तिथे हात लावतात. व्हिजिटिंग बंद करा असं सुचवलं. मॅडमनी तिन्ही नावं वहीत लिहून घेतली.
आजोबांचा मुक्काम आठ दिवसांनी वाढला. तरी म्हणाले, सिस्टर, तुमचा हात हलका आहे. मी घरी आले तरी एका जागी बसवेना. ॲसिडिटी असणार.

८ नोव्हेंबर
दिवाळी संपली, आता नेट लावायचा. माझे तास चार, रीमाचे बावीस. डोकं चालवलं. शिकवणाऱ्याला दुप्पट तास मिळतात, म्हणून मॅडमना सांगितलं, मी क्लास घेते. विषय सगळ्यात सोपा निवडला, हात धुणे. मॅडम म्हणाल्या, पुस्तिकेतलं प्रात्यक्षिक करा, आधी सगळी पानं वाचा. हो म्हटलं. पुस्तिका कुठे ठेवली?

९ नोव्हेंबर
सापडली. आमच्या ह्यांनी फ्रिजच्या पायाखाली घातलीय. काढली तर फ्रिज थरथरायला लागला. परत घातली.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
उद्या क्लास. फ्रिज कलता करून प्रात्यक्षिकाचं पान तेवढं वाचलं. डोळे बांधायचे, हातांना रंग चोळायचा, मग नेहमीसारखे हात धुवायचे. बाकी पानं कशाला? आर्याच्या चित्रकलेच्या पेटीतला हिरवा रंग घेतला. लेक कुरकुरली. इन-चार्ज झाले की नवी पेटी.

१८ नोव्हेंबर
अठरा सिस्टर्स, मॅडम आणि वॉर्डातल्या आया. स्वतःवरच करून दाखवलं. डोळे बांधून रंग, साबण, पाणी, वर तोंडाने अनुभवाचे बोलही चालू. पट्टी सोडली तर सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर. वाटलं, छाप पडली.
मग पुतळाबाई आया म्हणाली, बाय, आंगठ्यांना पानी लागलाच नाय.
दोन्ही अंगठे हिरवेगार. घड्याळाच्या पट्ट्याखालीही हिरवं. स्पिरिट लावून झालं की शीर सापडते का ते मी ह्याच अंगठ्याने दाबून बघते. एकोणीस वर्षं.
रीमा खाली बघत होती. लाज वाटली. खूप.

१९ नोव्हेंबर
बाराही पानं वाचली, उभ्यानेच. अंगठे चौथ्या पानावर आहेत. फ्रिज थरथरतोय, थरथरू दे. तुमचा हात हलका आहे, हे आजोबांचं बोलणं सारखं आठवतंय.

२ जानेवारी २००६
रीमा इन-चार्ज झाली. आज तिचा पहिला क्लास, हात धुणे. पहिल्या बाकावर मी बसले, घड्याळ काढून.
माझ्या त्या हिरव्या क्लासनंतर वॉर्डात एकही जागा सुजलेली नाही. नातेवाईक अजून कॉटवरच बसतात.