कोळशात साठवलेला सूड

४ डिसेंबर
पुण्याची फॅमिली खोलीत शिरली आणि नाक दाबून बाहेर आली. ऑनलाइन लिहिलं, लॉज बरा आहे, पण गादीत बोंबील भरलेत का? सगळं त्या शेजारच्या नीराबाईमुळे. बोंबील वाळत घालायला तिला आमचंच कुंपण सापडतं! हा सीझन गेला तर लॉजला कुलूप, असं मृणाल म्हणते. आणि माझी बायको असून शत्रूकडूनच बोंबील विकत आणते. नीराबाईला सोडणार नाही.

५ डिसेंबर, पहाटे
सुचलं! बीएस्सी केमिस्ट्री उगाच नाही केली. कोळशाच्या पृष्ठभागावर वास चिकटून बसतो. याला अधिशोषण म्हणतात, शोषण नव्हे. हा फरक अख्ख्या मुरुडात फक्त मला ठाऊक. बागेतल्या करवंट्या जाळून कोळसा करायचा, खोलीखोलीत पोती ठेवायची.

१२ डिसेंबर
वास निम्मा गेला. मृणाल म्हणते, तुमचं नाक गेलंय. दुर्लक्ष.

१५ डिसेंबर
खरा सूड आज सुचला. कोळसा तापला की चिकटलेला वास सुटतो! शनिवारी नीराबाईच्या मुलीचा साखरपुडा. तिचाच वास, तिच्याच शेगडीतून, मुलाकडच्यांच्या नाकात. साखरपुड्याच्या शेगड्यांसाठी कोळशाची पोती भेट म्हणून नेऊन दिली. भाऊ, आमच्यासाठी एवढं कोन करतंय, म्हणून तिने डोळे पुसले. पुस बाई, शनिवारी आणखी पुसशील.

२० डिसेंबर, दुपार
गच्चीत खुर्ची टाकली आहे. शेगड्या पेटल्या. वास सुटला! मंडळी आता उठतील.

तोच दिवस, संध्याकाळ
उठली नाहीत. मुलगा काशीदचा, घरची मासेमारी. त्यांच्या अंगणातही हाच वास. कोणाला काही कळलंच नाही. केमिस्ट्री बरोबर होती, पाहुणे चुकीचे निघाले.

२१ डिसेंबर
पोती गेली, खोल्यांत वास पुन्हा हजर. त्यात नीराबाई व्याह्यांना घेऊन लॉज बघायला आली. आता हे नाकं दाबणार, अब्रू जाणार. व्याही पलंगावर बसले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, घरच्यासारखं वाटतंय. लग्नाला वऱ्हाड इथंच उतरणार, सगळा लॉज त्यांनी धरला. भाऊ म्हंजे देवमानूस हाय, असं नीराबाईने त्यांना सांगितलं. मृणाल माझ्याकडे बघतच राहिली. मीही मान डोलावली, काय करणार.

सूड लग्नानंतर. ठरलं.

रात्री नीराबाईकडून बोंबलाचं कालवण आलं. शत्रूच्या अन्नापासून सावध राहायला हवं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.