त्रेचाळीस आयांच्या एका डाव्या हाताबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रवेश अधिकारी,
वैद्यकीय प्रवेश कार्यालय,
दुसरा मजला (खिडकी क्रमांक पाचच्या बरोबर वर).

दिनांक : १५ जुलै

विषय : अर्ज क्रमांक ४१७७ 'नक्कल' ठरवून अपात्र केल्याचा फेरविचार होणे, तसेच सदर उमेदवाराच्या आईचा डावा हात तिचा स्वतःचा असल्याची नोंद घेणे.

संदर्भ : १) आपला दि. २ जुलैचा अपात्रता आदेश.
२) आपण प्रसिद्ध केलेली 'मान्यताप्राप्त अर्ज-मदत केंद्रांची यादी', अनुक्रमांक १३ (पूर्वीचा).

महोदय,

सविनय निवेदन असे की, मी निवृत्त शिक्षक असून एकेचाळीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले. आता घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी मुलांना घेऊन बसतो. त्याचे काही घेत नाही. मुले आली नाहीत तर मलाच घर खायला उठते, तेव्हा हा व्यवहार माझ्याच फायद्याचा आहे. उमेदवार क्र. ४१७७ ही त्या मुलांपैकी एक. आठ वर्षांची होती तेव्हापासून येते. कोणतेही उत्तर दिले तरी तिचे 'पण का?' ठरलेले, म्हणून बाकीची मुले तिला 'शंकासुर' म्हणतात. तिची आई सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करणाऱ्या तापत्या रोलरवर काम करते. घरात या दोघीच.

१. शंकासुराने परीक्षा उत्तम गुणांनी पार केली, हे आपल्या नोंदीत आहेच. त्यानंतर अठरा पानी अर्ज आला. त्यात पान सातवर 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' हे सहाशे शब्दांचे स्वनिवेदन स्वतः लिहायचे होते. आयुष्यभर 'का' विचारणाऱ्या मुलीला कोणीतरी उलट 'का' विचारला, याचा तिला फार आनंद झाला. हा आनंद मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढच्या परिच्छेदांत तो पुन्हा येणार नाही.

२. बाकीची सतरा पाने आम्हा तिघांनाही उमगेनात. म्हणून मी आपल्या विद्यार्थी सहाय्यता खिडकीवर, म्हणजे खिडकी क्रमांक पाचवर गेलो. तेथील लिपिकाने अदबीने सांगितले, "सगळं माहितीपत्रकात आहे, सर." माहितीपत्रकाच्या पान नऊवर लिहिले आहे, 'अधिक माहितीसाठी खिडकी क्रमांक पाचशी संपर्क साधावा.' मी पुन्हा गेलो. असे एकूण सात वेळा झाले. लिपिकाविषयी माझी तक्रार नाही. सातव्या वेळी त्याने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सर, यादीतलं एखादं केंद्र गाठा ना. इथे नुसते जोडे झिजतील." यादी आपल्याच कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली होती, आपल्याच शिक्क्यासह.

३. यादीतले पहिले केंद्र काचेच्या केबिनचे होते. तेथील गृहस्थांनी गुण विचारले नाहीत. त्यांनी विचारले, "मुलीची स्टोरी काय आहे? कमिटी रडली पाहिजे." त्यांची फी ऐकून शंकासुराची आई हिशेब करू लागली आणि अकरा महिन्यांच्या पगारापाशी थांबली. मग आम्ही यादीत खाली खाली उतरत गेलो. तेराव्या क्रमांकाचे केंद्र सर्वांत स्वस्त होते, दीड महिन्याच्या पगारात बसणारे. स्वस्त आहे म्हणून मी साशंक होतो. शिक्का आहे म्हणून निःशंक झालो. हा निर्णय माझा होता. आईने तर विचारलेही होते, "सर, तुम्हीच भरा ना फॉर्म, तुमचं अक्षर किती छान आहे." मला संगणकाची भीती वाटते, हे त्या माउलीला सांगायची मला लाज वाटली.

४. स्वनिवेदन मात्र कोणाकडून लिहून घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. ते तिने माझ्या पुढच्या खोलीत नऊ संध्याकाळी बसून लिहिले. माझी एक जुनी सवय आहे. मुलांकडून पहिला मसुदा मी कागदावर लिहून घेत नाही, पाटीवर घेतो. कागदावर चुकायला मुले भितात. पाटीवर बिनधास्त चुकतात, कारण ओल्या फडक्याने सगळे पुसले जाते. एकेचाळीस वर्षांत या पद्धतीने मला एकदाही दगा दिला नव्हता. दुसरी सवय अशी की, निबंध कोणताही असो, त्यात अशी एक गोष्ट हवी जी जगात दुसऱ्या कोणी पाहिलेली नाही.

शंकासुराने ती लिहिली. ती दहा वर्षांची असताना आईचा डावा हात रोलरखाली सापडून भाजला. परिचारिकेकडून पाहून पाहून ती स्वतः रोज पट्टी बदलायला शिकली. पट्टी सुटताना मुलगी घाबरून हळूहळू ओढायची, तेव्हा आई म्हणायची, "हळू नको गं, नीट कर." जखम भरली, पण दोन बोटे वाकडीच राहिली. आई आता त्या बोटांत घराच्या किल्ल्या अडकवते आणि म्हणते, "बरं झालं, हक्काची खुंटी मिळाली." निवेदनाचे शेवटचे वाक्य होते, 'तेव्हा कोणी वेळेवर नीट केले असते तर ती बोटे सरळ झाली असती का, हे मला शिकून पाहायचे आहे.' मी त्यात एका शब्दाचीही दुरुस्ती केली नाही. मग तिने ते एकाच कागदावर सुवाच्य उतरवले, आणि पाटी मी माझ्या हाताने पुसली.

५. केंद्र क्र. १३ च्या ताई फार मायाळू होत्या. आम्हाला पाणी दिले, पंखा आमच्याकडे वळवला. म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्ही काळजी सोडा. तुमची नात ती आमची पोर." निवेदन वाचताना त्यांचे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते, असे मी आजही मानतो. उत्तम माल अनायासे हाती लागला की व्यापाऱ्याचेही डोळे भरून येत असावेत. पैशांची पावती त्यांनी दिली. कागदाची पावती मागावी, हे मला सुचले नाही.

६. पुढचे आपल्याला ठाऊकच आहे, कारण ते आपल्या आदेशात आहे. केंद्राने ते निवेदन स्वतःच्या इतर बेचाळीस ग्राहकांच्या पान सातवरही चिकटवले. अशा रीतीने एकाच वर्षी त्रेचाळीस आयांचा डावा हात रोलरखाली भाजला, त्रेचाळीस मुलांनी पट्ट्या बदलल्या आणि त्रेचाळीस घरांतल्या किल्ल्या वाकड्या बोटांना लटकू लागल्या. आपल्या आदेशात लिहिले आहे, 'मूळ लेखन कोणाचे हे ठरवणे शक्य नसल्याने सर्व त्रेचाळीस अर्ज अपात्र करण्यात येत आहेत. मूळ लेखक असल्याचा दावा असल्यास मूळ हस्तलिखित प्रत सात दिवसांत सादर करावी.'

७. सात दिवस आम्हाला मिळालेच नाहीत. केंद्राने अर्जात उमेदवाराच्या फोनच्या जागी स्वतःचा फोन लिहिला होता, त्यामुळे आपला आदेश केंद्राला मिळाला आणि केंद्राने त्याच दिवशी शटर ओढले. प्रवेशाची यादी लागली का, हे विचारायला शंकासुर १३ तारखेला खिडकी क्रमांक पाचवर गेली, तेव्हा तिला कळले. लिपिक म्हणाला, "मेसेज गेलाय की तुम्हाला." तिने विचारले, "पण का?" बहुधा 'पण कुठे' म्हणायचे असावे. माझ्या घरी येऊन ती पुढच्या खोलीच्या पायरीवर बसली आणि पहिल्यांदाच तिने मला काहीही विचारले नाही.

८. काल मी भिंतीवरची यादी पुन्हा पाहिली. तेरावे नाव गेले आहे. चौदावे आता तेरावे झाले आहे. खाली लिहिले आहे, 'यादीत बदल नाही.'

९. मूळ हस्तलिखित प्रत केंद्राकडे होती, आणि केंद्र नाही. त्याआधीचे नऊ मसुदे पाटीवर होते, आणि पाटी पुसलेली आहे. सबब, आपण मागितलेला पुरावा नष्ट करणारी व्यक्ती प्रस्तुत अर्जदारच होय. मुलांना चुकण्याची भीती वाटू नये म्हणून जे केले, त्यापायी मुलीच्या हाती काही उरले नाही. या चुकीला शिक्षा असल्यास ती मला व्हावी. पेन्शन थांबवायची असेल तर थांबवावी.

१०. तरीही एक पुरावा आपल्याच कार्यालयात आहे. प्रत्येक अर्जाच्या पान दोनवर रकाना अकरा आहे : 'आईचा व्यवसाय.' काल त्या बेचाळीसांपैकी एक मुलगा खिडकीवर माझा पत्ता विचारून वडिलांसोबत माझ्या घरी आला. त्याच्या आईचा स्वतःचा दातांचा दवाखाना आहे आणि तिची दहाही बोटे सरळ आहेत. तो खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, माझ्या आईचा हात भाजलाय हे मला आदेश वाचून कळलं." उरलेल्या एकेचाळीस आया काय करतात, मला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. पान दोन आणि पान सात शेजारी ठेवून पाहावे, एवढेच मी खिडकीवर सुचवले. उत्तर मिळाले, "पान दोन आणि पान सात वेगवेगळ्या टेबलांवर जातात, सर." महोदय, मी तिसरीच्या मुलांना जोड्या लावायला शिकवत असे. ती दोन टेबले जवळ ओढायला माणसे कमी पडत असतील तर मी येतो.

११. त्या बेचाळीस मुलांवर माझा राग नाही, तो करून पाहिला, जमला नाही. त्यांच्याकडे स्वतःची गोष्ट नव्हती असे नाही. त्यांना ती कोणी विचारली नाही, कारण विचारायला वेळ लागतो आणि चिकटवायला लागत नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलाला मी विचारली. तो पाऊण तास बोलत होता. त्याच्या वडिलांनाही ती नवीन होती.

१२. घाई का, तेही नमूद करतो. अंतिम यादी २२ तारखेला लागते. धुलाईघराच्या मुकादमाने शंकासुरासाठी २३ तारखेपासून जागा धरून ठेवली आहे. तो भला माणूस आहे, त्याला वाटते आपण उपकार करत आहोत. जागा रोलरवरची आहे. रोलर तोच आहे. आईने तिला काल रात्री जेवताना फक्त इतकेच सांगितले, "डावा हात लांब ठेवत जा."

तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे :

अ) विलंब माफ करावा. तो आमचा नाही, पण माफी मागायला आमची ना नाही.

ब) त्रेचाळीसही उमेदवारांना एका खोलीत बोलवावे. प्रत्येकाला एक कोरा कागद आणि एक तास द्यावा. डाव्या हाताविषयी लिहायला सांगू नये, तो आता सर्वांना पाठ आहे. आईच्या उजव्या हाताविषयी लिहायला सांगावे. जी मुले लिहितील, त्या सर्वांना पात्र ठरवावे. माझा अंदाज आहे की त्रेचाळीसही लिहितील, आणि एकाचेही दुसऱ्यासारखे नसेल. कागद तपासायला माणूस नसेल तर त्यासाठीही मी येतो. लाल पेन माझे मी आणीन.

क) पुढील वर्षी खिडकी क्रमांक पाचमध्ये एक बाक ठेवावा आणि त्यावर अर्ज भरायला मदत करू शकेल असे कोणीतरी बसवावे, जे फी घेत नाही आणि डोळे भरून आणत नाही. मी संगणक शिकायला लागलो आहे. शंकासुरच शिकवते. मी माउस चुकीचा फिरवला की म्हणते, "हळू नको सर, नीट करा."

आपल्या कार्यालयाचा अनुभव घेऊनही

आपला नम्र,

(सही)
निवृत्त विज्ञान शिक्षक

सोबत जोडले आहे :
१) केंद्र क्र. १३ ची फीची पावती.
२) यादीची जुनी प्रत, ज्यात तेरावे नाव तेरावेच आहे.
३) पाटी, एक. पुसलेली.
४) मूळ प्रत : उमेदवार क्र. ४१७७ ची आई, डाव्या हातासह. ही प्रत टपालाने पाठवता येत नसल्याने धुलाईघरातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, उद्या सकाळी साडेदहा वाजता खिडकी क्रमांक पाचसमोर प्रत्यक्ष सादर करण्यात येईल. ओळख पटवण्यासाठी किल्ल्या सोबत असतील.