वजा केलेले कुठे जाते

३ जून
श्रीमन्महाराजाधिराज, रक्तपरीक्षाधुरंधर, परीक्षानलिकाप्रतिपालक, अफूकुलांतक अस्मादिक आज या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वरिष्ठ विश्लेषक म्हणून सिंहासनाधिष्ठित झाले. सिंहासन म्हणजे चाकांचे स्टूल. कार्य उदात्त: रुग्णाच्या रक्तात मॉर्फिन किती, ते मोजणे. येथील कुलाचार मनोरम आहे. नवागताने आपले निर्मळ रक्त कुपीत द्यायचे. यंत्राने तेच शून्य मानून इतरांच्या आकड्यातून वजा करायचे. सुई टोचताना तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, अहो महाराज, हात सैल सोडा, राज्य नाही मागत. विचारले, यापूर्वीचे शून्य कोण? म्हणाल्या, वारले ते.

८ जून
सीलबंद कुपीतील माझ्या रक्तात मॉर्फिन निघाले. मी डोकेदुखीचीही गोळी घेत नाही. दुसऱ्या, संथ परंतु अचूक यंत्रावर पडताळले, आकडा तोच. प्रयोगशाळाप्रमुख साहेबांची आज्ञा: शून्य तेवढे वर सरकवा, काम अडवू नका. सरकवले. परिणामी वॉर्डातील एका बेशुद्ध आजींचा अहवाल निष्कलंक आला, म्हणून त्यांना मॉर्फिनवरचा उतारा दिला गेला नाही. आजी गेल्या.

९ जून
साहेबांच्या दालनात तारस्वराने भांडलो. वॉर्डात मॉर्फिन जास्त टोचले जाते, ते झाकायला माझे रक्त वापरता? चहा ढवळत म्हणाले, शास्त्रीबुवा, रक्त तुमचेच खोटे बोलतेय, आम्ही काय करणार? संतापाने मस्तक फुटायचे बाकी राहिले. परतलो, तो कुपीतला आकडा वाढलेला. आजींच्या रक्तातून जेवढा वजा झाला, नेमका तेवढ्यानेच.

१२ जून
आणखी दोघे गेले. अहवाल: शून्य. त्यांचे वजा झालेले माझ्यात जमा. आरशात पाहिले: डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे. कुपी मोरीत फोडली. ताई पांढऱ्याफटक पडून म्हणाल्या, कुपी नसली तरी यंत्र तुमचा आकडा दाखवतंय हो—

१४ जून
आता मीच वॉर्डात. श्वास घ्यायचा विसरतो— मग आठवतो. ताईंनी उतारा भरून आणला. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला, म्हणाले अहवाल वाचा, शून्य आहे. शून्यच येणार, नराधमहो— माझ्यातून मलाच वजा—

१५ जून
पांघरूण आखूड. तोंडावर ओढतात, तर पावले उघडी पडतात. लांब द्या म्हणून दोनदा सांगितले, पण कोणी—